रजिस्टरमधली मिनिटं

पहिल्या बैठकीला मी खुर्चीवर बसलो.
पोट्टे खाली सतरंजीवर,
अंगणवाडीच्या व्हरांड्यात, रंगवलेल्या फळांखाली.
ताईंनी ओळख करून दिली : हे ढोके काका,
तेहतीस वर्षं वायरमन, आता आपले साथी.
साथी म्हणजे काय करायचं, मला ठाऊक नव्हतं,
म्हणून मी बोलत राहिलो.
शिस्त, मोबाइल, आमच्या वेळची शाळा,
एका वादळात आडवे झालेले एकोणीस पोल.
कोणी जांभई दिली नाही.
घरी येऊन म्हणालो, गुणाची आहेत पोरं.

पुढच्या रविवारी आचल टेकामने रजिस्टर वाचलं.
हजर : चौदा.
विषय : फाट्यापासून पोडापर्यंतचा अंधार.
काका बोलले : बेचाळीस मिनिटं.
आम्ही : तीन.
विषय राहून गेला.
आवाजात राग नव्हता,
रेशनचं माप वाचावं तसं वाचलं तिने.

दोन रविवार मी गेलो नाही.
बायकोला म्हटलं, गुडघे दुखतात.
ती म्हणाली, गुडघे का नाक?

तिसऱ्या रविवारी रोहिदास राठोड दारात,
सायकल कुडाला टेकवून.
"काका, अर्ज कोणाले द्या लागते?
लिवतो आमीच. तुमी फक्त हापिस सांगा."
मी हापिस सांगितलं.
'आण, लिहून देतो' जिभेवर आलं होतं,
ते चहासोबत गिळलं.

त्यांनी अंधार पावलांनी मोजला होता.
सहाच्या एसटीतून उतरल्यावर दोनशे अठरा.
करिश्माची पावलं लहान, तिची दोनशे साठ.
कुठे कुत्री, कुठे नालीवरची फरशी फुटलेली,
कोणत्या पानठेल्यावरून शिट्टी येते,
सगळं चार्टपेपरवर, स्केचपेनने.
त्या रस्त्याचा एकेक पोल मी नंबरानिशी ओळखतो.
तिथून पोरी पळत घरी जातात,
हे मला कागदावर कळलं.

अर्जात पोलचा नंबर चुकला होता.
मी पाहिलं, आणि गप्प राहिलो.
गप्प राहायचं नुकतंच शिकलो होतो ना.
तीन आठवड्यांनी अर्ज परत आला.
"तुमाले मालूम होतं?" आचल म्हणाली,
"मंग सांगतलं काऊन नाई?"
बोललं तरी चुकतं, नाही बोललं तरी चुकतं,
म्हटलं बाप्पा, एकदाचा नियम तरी करा.
केला. हात वर करून. माझाही एक हात,
बाकीच्यांच्या हाताएवढाच.
विचारलं तर सांगायचं.
चूक दिसली तर दाखवायची, खोडायची नाही.
जिवावरचं असेल
तर विचारायची वाट बघायची नाही.

कापूस वेचायच्या दिवसांत ते झालं.
रोहिदास पोलवर, खिशात घरचा बल्ब,
खाली दोघं टॉर्च धरून.
मी ओरडलो. नोकरीत कधी ओरडलो नव्हतो तसा.
उतरला तो, थरथरत, माझ्यावर चिडलेला.
मी डावा हात टॉर्चखाली धरला,
जिथे दोन बोटं नाहीत.
बेचाळीस मिनिटांत
नेमकं एवढंच सांगायचं राहिलं होतं.
मग त्यांनी विचारलं, कसं झालं काका?
आणि मी धुऱ्यावर बसून सांगितलं,
खाली, त्यांच्यात.

ग्रामसभेत आचल उभी राहिली, चार्टपेपर उलगडून.
सरपंच माझ्याकडे बघून म्हणाले,
"बोला ढोके, काय म्हणणं आहे पोट्ट्यायचं?"
मी आचलकडे बोट केलं,
उरलेल्या तिनांपैकी एक.

लाइट अजून आलेला नाही.
ठरावाची नक्कल आली, गोल शिक्क्याची.
तोवर सहाच्या एसटीला दोघं दोघं फाट्यावर जातात,
बुधवारी माझी पाळी असते.
रजिस्टरात काल लिहिलंय :
काका : सहा मिनिटं.
आम्ही : मोजलं नाही.
आणि खाली, बारीक अक्षरात,
पुढच्या वेळी फुटाणे काकांकडे.